बॉनमचा सोलो: हात, पाय आणि मधली जागा

मागच्या अंकात लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बॅंडचा ड्रमर जॉन बॉनम याच्याबद्दल थोडं लिहिलं होतं, 9 जानेवारी 1970 ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधे त्यानं 'मोबी डिक' या गाण्यात वाजवलेला ड्रमचा सोलो जमेल तेव्हा बघाच असं म्हटलं होतं, आणि त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की त्या कार्यक्रमाचं शूटिंग तेव्हाच झालं होतं पण लोकांना ते नीट बघायला मिळालं 2003 मधे आलेल्या डीव्हीडीमुळे, आणि त्यात साधारण पंधरा मिनिटं हा माणूस स्टेजवर एकटा आहे. पत्रं थोडी छाटलीत, नावं काढलीत.

प्रश्न: दादा, तुमचं वाचून व्हिडिओ बघितला. खरं सांगू का, मला फार काही विशेष वाटलं नाही. आजकाल रील्सवर बारा-चौदा वर्षांची पोरं याच्या दुप्पट स्पीडनं वाजवतात. मग हाच सगळ्यात भारी कसा? की जुनं ते सोनं म्हणून आपण मान डोलवायची? – एक विद्यार्थी, सांगली

मान अजिबात डोलवू नकोस, पटलं तरच डोलव. आणि स्पीडचं तू म्हणतोस ते बरोबरच आहे, आजची पोरं जास्त फास्ट वाजवतात, त्यात वाद नाही. पण तू तो व्हिडिओ कशावर बघितलास? मोबाईलच्या स्पीकरवर बघितला असशील तर बॉनम तुला अर्धाच भेटलाय. त्याचा बेस ड्रम, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, 26 इंची होता, नेहमीच्या रॉक किटमधे 22 इंची असतो, आणि एवढ्या मोठ्या ड्रमचा जो खालचा आवाज आहे ना तो मोबाईलच्या स्पीकरमधून बाहेरच येत नाही. चांगले हेडफोन लाव, स्क्रीन उलटी ठेव आणि आधी फक्त ऐक.

ऐकताना पहिल्यांदा काय जाणवेल तर प्रत्येक ठोका पूर्ण वाजतो. म्हणजे स्टिक स्किनवर पडली, आवाज उठला, फुलला आणि मग संपला, हे सगळं व्हायला तो वेळ देतो. खूप फास्ट वाजवणाऱ्याचं काय होतं की एक ठोका फुलायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन बसतो, मग आपल्याला नुसती सलग घरघर ऐकू येते आणि स्पीड कळतो पण ड्रमचा आवाज कळत नाही. बॉनमचे टॉम, म्हणजे स्टिकनं वाजवायचे लहान-मोठे ड्रम, ऐकून तू सांगू शकतोस की हा वरचा, हा खालचा मोठा, हा त्याच्याही खालचा. त्याचे ड्रम बऱ्यापैकी ताणून ट्यून केलेले असायचे आणि आत उशा-गोधड्या कोंबून आवाज मारलेला नसायचा, त्यामुळे ते गातात. चार ड्रमांवर माणूस चाल वाजवतोय असं वाटायला लागतं, आणि एकदा का ते कानाला सापडलं की पंधरा मिनिटं कुठे गेली कळत नाही.

दुसरी गोष्ट, मधली जागा. काही काही ठिकाणी तो एक फ्रेज वाजवतो आणि थांबतो. पूर्ण थांबत नाही खरं तर, डावा पाय हाय-हॅटवर, म्हणजे पायानं मिटायच्या झांजांच्या जोडीवर, हळूच चालू असतो, चिक, चिक, चिक, म्हणजे लय सुटलेली नाही, फक्त हात उचललेत. मग त्या चिक-चिकवर तो पुढची फ्रेज ठेवतो आणि ती मागच्या फ्रेजला उत्तर असते. हे रीलमधे दिसणारच नाही कारण चाळीस सेकंदांत कोण थांबेल, थांबला की बघणारा पुढे सरकवतो. पण हॉलमधे हजारो लोक बसलेत, बाकीचे तिघं स्टेजवरून निघून गेलेत, गिटार नाही, बेस नाही, गाणं नाही, आणि तेवढ्यात मुद्दाम शांत व्हायचं, याला छाती लागते रे.

आणि तिसरं म्हणजे ती तिय्या. ड्रमर लोक त्याला बॉनम ट्रिपलेट म्हणतात. उजवा हात, डावा हात, पाय. उजवा, डावा, पाय. आपल्या बोलीत 'तकिट तकिट तकिट' म्हण, त्यातला 'ट' पायाचा. आता ऐकायला हे फारच साधं आहे, दोन दिवसांत कुणालाही हळू वाजवता येईल, पण बॉनम काय करतो की हात वेगवेगळ्या ड्रमांवर फिरवतो, एकदा वरच्या टॉमवर, एकदा जमिनीवर उभ्या फ्लोअर टॉमवर, एकदा स्नेअरवर, म्हणजे खाली तारा लावलेल्या ड्रमवर, आणि पाय मात्र तिथेच, त्याच जागी, त्याच वजनानं. हळूहळू वेग वाढतो पण पायाचा ठोका हातांइतकाच मोठा राहतो. बहुतेकांचा पाय वेग वाढला की बारीक होतो, ऐकूच येत नाही. त्याचा होत नाही. मला विचारशील तर अख्ख्या सोलोचं मर्म इथे आहे, तो हातांना पायाची साथ घेत नाही, पायालाही हात समजून वाजवतो.

तू परत एकदा ऐक, या वेळी फक्त उजव्या पायाकडे लक्ष दे, बाकी काही नको. त्यानंतरही नाही आवडलं तर नाही आवडलं, त्यात काही बिघडत नाही.

प्रश्न: माझा नातू आमच्याकडे राहून शिकतो. दिवसभर तेच ते ढुमढुम चालू असतं आणि म्हणतो आजी बस, ऐक. मी आयुष्यभर शास्त्रीय ऐकलंय, तबला सोलो पण खूप ऐकलेत. मला त्याच्यासोबत बसायचंय हो, पण यात नेमकं धरायचं काय ते कळत नाही. – एक आजी, नाशिक

आजी, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. आणि तुम्ही तबला सोलो ऐकलेत म्हणजे अर्धं काम झालंय.

तबल्याच्या सोलोत लेहरा असतो ना, सारंगीवर किंवा हार्मोनियमवर, ज्याच्यामुळे सम कुठे आहे ते ऐकणाऱ्याला कळत राहतं. इथे लेहरा नाही. पण सुरुवातीला गिटार आणि बेस मिळून एक धून वाजवतात, छोटीशी, परत परत येणारी, तिला हे लोक रिफ म्हणतात. बारा घरांची ब्लूज असते ना, म्हणजे चार-चार मात्रांची बारा घरं, त्यावर बांधलेली आहे. ती धून दोन-तीनदा नीट ऐकून घ्या, गुणगुणता आली तर फारच छान, कारण त्यानंतर ते लोक थांबतात, निघून जातात आणि बॉनम एकटा राहतो. सोलो संपत आला की तो लय बांधत आणतो, इशारा देतो, बाकीचे परत येतात आणि सगळे मिळून तीच धून वाजवून संपवतात. म्हणजे तुमच्या भाषेत मुखडा, मग मोकळा विस्तार, मग मुखडा. एवढं धरून बसलात की मधे कुठेही हरवल्यासारखं होणार नाही.

मधल्या भागात पायाकडे कान द्या. बॉनम ज्यांना मानायचा त्यात मॅक्स रोच नावाचा अमेरिकन जॅझ ड्रमर होता, त्याची एक नुसती ड्रमची रचना आहे, तीन मात्रांची, पहिलीला बेस ड्रम आणि दुसरी-तिसरीला हाय-हॅट, पाय एवढंच करत राहतात आणि हात त्यावर बोलतात. बॉनमच्या सोलोंमधे त्या रचनेची छाया बऱ्याच ठिकाणी आहे. पायांनी ठेका धरायचा आणि हातांनी त्यावर बोलायचं. म्हणजे लेहरा त्याच्या स्वतःच्या पायात आहे असं समजा.

एक फरक मात्र आहे आणि तो आधीच सांगतो म्हणजे तुमची निराशा नको. कायदा घेऊन त्याचे पलटे काढत जाणं, तिहाई घेऊन समेवर येणं, तसली बांधणी इथे शोधू नका. इथे बांधणी आवाजाच्या चढउताराची आहे, मोठ्यावरून लहान, लहानावरून अगदी बारीक, आणि तिथून परत वर. नातवाला सांगा आजीला आधी चार मिनिटांचं रेकॉर्डवरचं ऐकव, 1969 च्या 'लेड झेपलिन टू' वरचं, आणि मग अल्बर्ट हॉल.

प्रश्न: मधेच तो स्टिक टाकून हातांनी वाजवायला लागतो. हे शो म्हणून करायचा का? हाताला लागत नाही का? आणि हे त्यानं आपल्याकडच्या तबल्यावरून उचललं असेल का? – एक वाचक, कोल्हापूर

लोकांना आवडायचं म्हणून करायचा हे आहेच, स्टेजवरचा माणूस आहे तो, पण नुसता शो नाहीये. स्टिकचा ठोका म्हणजे लाकडाचं टोक, त्यात एक धार असते. बोटांनी मारलं की ती धार जाते आणि ड्रमचं पोट बोलायला लागतं. त्या व्हिडिओत तो भाग आला की आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटतो बघा, मगाशी हॉलभर पसरलेला माणूस आता तुमच्या शेजारी बसून वाजवतोय. बोटं, तळवा, हाताची कड, प्रत्येकाचा आवाज वेगळा. एका हातानं स्किन दाबून धरली आणि दुसऱ्यानं मारलं की सूर वर चढतो. स्नेअरच्या खालच्या तारा खटका पाडून सोडल्या की त्याचा चरचर आवाज जातो आणि तोही टॉमसारखा बोलतो, मग कोंगा-बोंगो वाजवणाऱ्याला जे रंग मिळतात त्यातले बरेच किटवर मिळायला लागतात.

तबल्यावरून उचललं असं म्हणू नये. जॅझमधे ही वाट आधीच होती. डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटचा ड्रमर जो मोरेलो, तो बोटांनी फार सुंदर वाजवायचा, 1963 च्या कार्नेगी हॉलच्या रेकॉर्डिंगमधे 'कॅस्टिलियन ड्रम्स' नावाचा त्याचा सोलो आहे तो ऐका, म्हणजे बॉनमचे हात कुठून आले ते कळेल. बॉनमनं मोरेलो, जीन कृपा, बडी रिच अशा जॅझ ड्रमरांना भरपूर ऐकलं होतं आणि रॉकच्या आवाजात जॅझच्या सवयी आणल्या, हे त्याचं खरं काम आहे असं मला वाटतं. रीतसर कुणाकडे शिकलेला नव्हता. लहानपणी डबे बडवायचा, दहाव्या वर्षी आईनं स्नेअर ड्रम आणून दिला, पुढे वडिलांनी किट, आणि वडिलांबरोबर सुतारकामही केलं त्यानं. बाकी सगळं ऐकून आणि वाजवून.

तबल्याचा विषय काढलाच आहे तर एक नक्की ऐका. याच बडी रिचची आणि आपल्या उस्ताद अल्लारखाँची मिळून एक रेकॉर्ड आहे, 1968 ची, 'रिच आ ला रखा'. ड्रम आणि तबला आमनेसामने. तिथे फरक लख्ख कळतो, तबल्याला शाई आहे त्यामुळे एकेका बोलाला स्वतःचा सूर आहे, किटच्या स्किनला शाई नाही, त्यामुळे ड्रमरला तो फरक जागा बदलून, दाब बदलून आणि ड्रम बदलून काढावा लागतो.

लागण्याबद्दल: लागतं. प्लॅस्टिकची स्किन आणि कडेला लोखंडी रिंग, बोट रिंगवर आपटलं तर चांगलंच लागतं. करून बघायचं असेल तर आधी हात गरम करा, अंगठ्या काढा, मनगट सैल ठेवा आणि कडेपासून दोन बोटं आतच मारा. बोट सुजलं तर त्या दिवशी बंद.

प्रश्न: सर, मी पुण्यात पथकात आठ-नऊ वर्षं ताशा वाजवतोय. आता ड्रमसेट शिकायला घेतलाय. हात तयार आहेत पण पाय काही केल्या ऐकत नाही. बॉनम सिंगल पेडलवर ते सगळं करायचा हे खरं आहे का? कसं करायचा? – एक ताशावादक

खरं आहे. एक बेस ड्रम, एक पेडल, एक पाय. ज्या गाण्यामुळे जगभरच्या ड्रमरांचे कान टवकारले ते म्हणजे त्यांच्या पहिल्याच अल्बमचं पहिलंच गाणं, 'गुड टाइम्स बॅड टाइम्स', जानेवारी 1969. त्यात एका मात्रेचे बारीक तीन-तीनचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यातला पहिला हातावर सुटतो आणि पुढचे दोन पायावर येतात, दुडुक्-दुडुक् असं. बऱ्याच लोकांना वाटायचं की दोन बेस ड्रम असणार. नव्हते.

आता कसं. मी सांगतो ती एक पद्धत आहे, यावर ड्रमर लोकांचं एकमत होणं अवघड. टाच वर उचललेली, वजन मांडीतून येतं, घोट्यातून नाही. पहिला ठोका पाय पेडलवर थोडा मागे असताना पडतो आणि तो मागे उसळतो ना, त्या उसळीतच पाय किंचित पुढे सरकवायचा आणि दुसरा ठोका पंजानं घ्यायचा. म्हणजे दोन ठोक्यांसाठी दोन वेळा पाय उचलायचा नाही, एका हालचालीत दोन घ्यायचे. तुम्ही ताशावर हे रोज करता. काडी एकदा टाकली की ती स्वतः उसळते आणि त्या उसळीतून दुसरा, तिसरा ठोका मिळतो, तुम्ही प्रत्येक ठोका मनगटानं मारत बसला असतात तर विसर्जन मिरवणुकीत पहिल्या चौकातच हात गेले असते. तेच पायाला शिकवायचंय, बाकी काही नाही.

मेट्रोनोम, म्हणजे ठराविक वेगानं टिकटिक करणारं यंत्र, 60 वर लावा. पहिले काही आठवडे फक्त दोन-दोनचे ठोके, मधे भरपूर जागा सोडून. दोन्ही ठोके सारख्या आवाजाचे यायला पाहिजेत, दुसरा जर बारीक येत असेल तर वेग वाढवायचा नाही, कितीही मोह झाला तरी. ते सारखे यायला लागले की वर हात आणा, उजवा-डावा-पाय, तेच तकिट. आणि इथे ताशावाल्यांसाठी एक खास सूचना, तुमचे हात इतके तयार असतात की ते पायाला सोडून पुढे पळतात. हातांना मुद्दाम मागे ठेवा. बॉनमचा स्नेअरचा ठोका ऐका, तो मात्रेच्या किंचित मागे पडतो, उशीर नाही झालेला पण घाईसुद्धा नाही, त्यामुळे त्याचं वाजवणं जड आणि रुंद वाटतं. लेड झेपलिनचं 'कश्मीर' ऐका, त्यात हे अगदी स्पष्ट आहे. ताशाचा स्वभाव पुढे पळायचा आहे, मिरवणुकीत तो तसाच पाहिजे, पण किटवर बसलात की तो स्वभाव बाहेर ठेवून या.

नडगीचा पुढचा भाग दुखायला लागला तर थांबा, ते अंगावर काढायचं दुखणं नाही. स्टूलाची उंचीसुद्धा बघा, गुडघ्यापेक्षा मांडी थोडी वर पाहिजे, खाली नको.

प्रश्न: त्याचं किट कोणतं होतं? मला तसा आवाज पाहिजे, काय घेऊ? बजेट साधारण आहे. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

लुडविग. अल्बर्ट हॉलमधे दिसतं ते लाकडाच्या मूळ रंगाचं मेपलचं, वर एकच टॉम, उजवीकडे दोन फ्लोअर टॉम, 26 इंची बेस ड्रम, ॲल्युमिनियमचा (पितळी नव्हे) चकचकीत स्नेअर, सिंबल, म्हणजे झांजा, पुढे पाइस्टे कंपनीच्या. 1973 च्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या शोंमधे दिसतं ते आरपार दिसणारं पिवळसर केशरी ॲक्रिलिकचं किट वेगळं, विस्टालाइट म्हणतात त्याला.

पण काय घेऊ म्हणाल तर किट बदलू नका, आधी आहे त्यातलं भरलेलं सामान काढा. बेस ड्रममधली उशी काढा, टॉमवर चिकटवलेल्या टेप काढा, वरची आणि खालची दोन्ही स्किन ताणून सगळ्या बोल्टांवर सारखा सूर येईपर्यंत ट्यून करा, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा थोडं वरच. खोलीत सुरुवातीला फार घुमतंय असं वाटेल, शेजारी पण सांगायला येतील, पण लांब उभं राहून कुणाला तरी ऐकायला लावा, लांबून तोच आवाज बांधलेला येतो. बॉनमचा आवाज लांबून ऐकायचा आवाज आहे. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या 1971 च्या गाण्याचे ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात रेकॉर्ड झाले, किट खाली जिन्याच्या दिवाणखान्यात आणि इंजिनिअर अँडी जॉन्सनं दोन माइक वर जिन्यातून टांगले, बास. प्रत्येक ड्रमला वेगळा माइक नाही. आता विचार करा, दोनच माइक असतील तर नंतर कुणी स्नेअर कमी कर, बेस ड्रम वाढव असं करू शकत नाही, तो तोल वाजवणाऱ्याच्या हातापायातच असावा लागतो. जगातले कितीतरी लोक ते जिने आणि ते माइक शोधत फिरतात आणि त्या खोलीत किटवर कोण बसलं होतं ते विसरतात.

प्रश्न: तुमचा बॉनम मान्य, पण डीप पर्पल बॅंडचा ड्रमर इयन पेस? 'मेड इन जपान' या लाइव्ह अल्बमवरचा 'द म्यूल'चा सोलो जास्त स्वच्छ आहे असं माझं मत. – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

स्वच्छ आहे, शंभर टक्के. 17 ऑगस्ट 1972, टोकियो. पेस डावखुरा, किटची मांडणी उलटी, आणि स्नेअरवरचे त्याचे रोल इतके बारीक आणि इतके एकसारखे की काही ठिकाणी ठोके मोजता येत नाहीत. स्विंग पण त्याच्यात भरपूर आहे. तुम्ही स्नेअर ऐकणारे असाल तर पेस जास्त आवडणार, मी बेस ड्रम ऐकणारा आहे. दोघं एकाच वर्षी जन्मले, 1948, महिन्याभराच्या अंतरानं, आणि दोघांनीही जॅझवाल्यांना ऐकत ऐकत रॉक वाजवलं. यात निवड करायची वेळ माझ्यावर आली तर मी बॉनम घेईन, पण रात्री झोपताना पेसचं वाईट वाटेल.

प्रश्न: लाइव्हला हा सोलो अर्धा अर्धा तास चालायचा असं ऐकलं. रोज तेच वाजवायचा का? – एक वाचक, पणजी

लांबी बदलायची. रेकॉर्डवर जेमतेम चार मिनिटांच्या वर, अल्बर्ट हॉलला पंधराच्या आसपास, आणि 1972 च्या कॅलिफोर्नियातल्या शोंचं जे रेकॉर्डिंग 'हाऊ द वेस्ट वॉज वन' नावानं निघालं त्यात एकोणीस मिनिटांच्या वर. काही शोंमधे वीसच्या पुढेही गेलाय. नावंसुद्धा बदलली, अगदी सुरुवातीला तो सोलो 'पॅट्स डिलाइट' नावानं वाजायचा, पॅट म्हणजे त्याची बायको, आणि 1977 च्या दौऱ्यात 'ओव्हर द टॉप'.

काही तुकडे ठरलेले असायचे, ती तिय्या, हातांनी वाजवणं, शेवटची बांधणी, पण त्यांच्यामधे किती वेळ कुठे थांबायचं ते त्या रात्रीवर. अल्बर्ट हॉल आणि कॅलिफोर्निया एकापाठोपाठ ऐकलंत तर लगेच कळेल. मला स्वतःला 1970 चाच जास्त जवळचा वाटतो, नंतरच्यात ताकद वाढली, सामान वाढलं, पण 1970 मधे तो एकवीस वर्षांचा आहे आणि एकही ठोका वाया घालवत नाही.

25 सप्टेंबर 1980 ला तो गेला, बत्तीस वर्षांचा होता. हे कुणी विचारलं नव्हतं पण बॅंडनं त्यानंतर काय केलं ते सांगावंसं वाटतं. दुसरा ड्रमर घेतला नाही. त्याच डिसेंबरमधे निवेदन काढलं की आता आम्ही पूर्वीसारखं पुढे जाऊ शकत नाही, आणि बॅंड थांबवला. एवढी मोठी बॅंड, एवढे पैसे, आणि ड्रमरशिवाय नाही म्हणजे नाही. 10 डिसेंबर 2007 ला लंडनला एका रात्रीसाठी परत वाजवलं तेव्हा किटवर त्याचा मुलगा जेसन होता.

प्रश्न: लेड झेपलिन मुंबईत वाजवून गेले होते असं आमचे काका सांगतात. बॉनम पण आला होता का? – एक वाचक, डोंबिवली

काकांचं अर्धं बरोबर आहे. 1972 मधे बॅंडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत होते, कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबमधे वाजवलं, आणि इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत दोन गाणी रेकॉर्ड केली, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स'. बॉनम त्यात नव्हता.

पण यातल्या 'फोर स्टिक्स'शी त्याचा संबंध फार जवळचा आहे. 1971 च्या मूळ गाण्यात त्यानं एकेका हातात दोन-दोन अशा चार स्टिक घेऊन वाजवलंय, नाव त्यावरूनच पडलं, आणि ठेका पाच आणि सहाच्या मधे फिरत राहतो. मुंबईच्या रेकॉर्डिंगमधे त्याच्या जागी तबला आहे. ते बरीच वर्षं अधिकृतपणे बाहेर आलं नव्हतं, 2015 ला त्यांच्या 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीबरोबर आलं, त्यात या गाण्याचं नाव 'फोर हॅंड्स' असं दिलंय. काकांना घेऊन बसा, आधी मुंबईचं लावा आणि लगेच त्याच्यामागे 1971 चं, आणि पाचाची मात्रा तबलजी कशी सोडवतो आणि बॉनम कशी, ते दोघं मिळून शोधा. काय सापडलं ते मला लिहून पाठवा, पुढच्या अंकात घेतो.